ठळक देवनागरी फॉन्ट: बॅनरवरचं "म्हार्दोळ" वाचताच येईना, काय चुकलं?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतोय आणि तो जरा लांबणार आहे.

आमच्या वाड्यावरचे लोक दरवर्षी जत्रेला नाटक बसवतात. तालमी सुरू झाल्या की बॅनर, हँडबिल, प्रवेशपत्रिका असलं सगळं माझ्याकडे येतं, कारण कॉम्प्युटर माझ्याकडे आणि मला अक्षरांची आवडही आहे. यंदा दुसरा प्रयोग गोव्यातल्या म्हार्दोळ गावी होता म्हणून म्हटलं जरा दणकट अक्षर घेऊ, रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबून दिसलं पाहिजे. एक साधा सॅन्स सेरिफ (टोकांना शेपट्या नसलेला) देवनागरी फॉन्ट घेतला, बोल्ड केला, तरी पातळ वाटला म्हणून त्याला त्याच रंगाची आउटलाइन दिली, आधी चार पॉइंट, मग सहा, मग आठ. स्क्रीनवर झकास दिसत होतं. बारा बाय आठचा फ्लेक्स छापून आला, वळणावर बांधला, आणि दुसऱ्या दिवशी आमची आत्ये बसमधून उतरून घरी आली ती विचारतच, अरे बोर्डावर "म्हादोळ" का लिहिलंय?

फाइलमध्ये रफार आहे हो! पण तो ओच्या मात्रेत असा मिसळला की दोघांचा मिळून एक गोळा झाला. ळ म्हणजे दोन काळी लिंबं. "नाट्यप्रयोग" मधला ट्य तर कुणालाच लागेना. पोरांनी दोन महिने रात्री जागून तालमी केल्या आणि माझ्यामुळे त्यांच्या प्रयोगाचं नावगाव वाचता येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

तर प्रश्न असा की ठळक अक्षर हवं असेल तर करायचं काय? कोणता फॉन्ट घ्यायचा, आणि माझं नेमकं चुकलं कुठे?

अक्षरवेडी
मांडवीकाठ, चूक आउटलाइनमध्ये आहे. आउटलाइन दिली की रेघ बाहेरच्या बाजूला फुगते तशीच आतल्या बाजूलाही फुगते. बाहेर जागा भरपूर असते म्हणून तिथे काही कळत नाही, पण आत म्हणजे ळच्या दोन पोटांत, ठच्या गोलात, मच्या चौकोनात जागा मोजकीच असते आणि ती बुजते. शिवाय रफार, मात्रा, अनुस्वार यांच्यामधल्या बारीक फटी पहिल्या झटक्यात जातात. तुमच्या "र्दो" चं तेच झालं.

ठळक अक्षर हे साध्या अक्षराला जाड करून होत नाही, ते पहिल्यापासून वेगळं काढावं लागतं. चांगला एक्स्ट्राबोल्ड, म्हणजे बोल्डच्याही वरची जाडी, मोठा करून बघा. काना सगळ्यात जाड असतो, आडव्या रेघा त्याच्यापेक्षा बारीक असतात (सारख्याच जाडीच्या ठेवल्या तर डोळ्याला आडवी रेघ जास्त जाड वाटते), शिरोरेषा पण मुद्दाम आवरलेली असते. जिथे दोन रेघा भेटतात तिथे, म्हणजे कचं पोट काठीला चिकटतं त्या जागी, रेघ हळूच निमुळती केलेली असते, नाहीतर त्या सांध्यावर काळा डाग दिसतो. आणि ओच्या मात्रेवर रफार आला तर नीट बनवलेल्या फॉन्टमध्ये त्या जोडीसाठी वेगळा आकारच काढून ठेवलेला असतो, रफार उजवीकडे सरकवून आणि जरा लहान करून. आउटलाइन देताना ही सगळी मेहनत आपण पुसून टाकतो.

अजून एक, तुमच्या फॉन्टमध्ये बोल्ड वजन (फॉन्टच्या जाडीच्या पायरीला वजन म्हणतात) मुळात होतं का ते तपासा. नसलं तर काही सॉफ्टवेअर बटण दाबल्यावर आपल्याच मनाने अक्षर फासून जाड करतं. तो खरा बोल्ड नव्हे.

रंगाचो डबो
नमस्कार. मी डिचोलीकडचा, चाळीस वर्षं बोर्ड रंगवले. बसच्या पाट्या, दुकानं, देवळाच्या कमानी, मालीमच्या जेटीवर ट्रॉलरची नावं. आता हात थोडा कापतो म्हणून काम कमी केलंय, पण हा विषय बघून राहवलं नाही.

आमचे उस्ताद सांगायचे की आधी पांढरं राख, मग काळं भर. आम्ही सुतळीला खडू लावून दोन रेघा मारायचो, वरची शिरोरेषेची, खालची काना टेकतो ती. मग खडूने जे हलकं काढायचं ते अक्षर नव्हे, अक्षराच्या आतली पोकळी. ळ असला तर दोन वाटोळी आधी, घ असला तर त्याचं तोंड आधी. ती ठरली की ब्रश बाहेरून फिरवायचा, मग जाडी किती का असेना, अक्षर बुजत नाही. शिकाऊ पोरगा उलटं करतो, तो काळ्यापासून सुरू करतो आणि शेवटी आत जागाच उरत नाही.

ट्रॉलरवर अक्षर जाडच लागतं कारण खारं पाणी आणि ऊन कडा खातं, दोन पावसाळ्यांत बारीक रेघ जाते, जाड रेघ कडेने झिजली तरी मधली राहते. पण तिथेही आम्ही शिरोरेषा कान्यापेक्षा सुतभर बारीकच ठेवायचो. सगळं सारखं जाड केलं की नाव लाकडाच्या ओंडक्यासारखं दिसतं.

"म्हार्दोळ" मी शंभरदा लिहिलं असेल. र्दो ला रफार मात्रेच्या टोकाच्या वर काढायचा आणि थोडा बाहेर कलता. त्यासाठी वर चार बोटं जागा आधीच सोडावी लागते. जागा नसली तर सगळा शब्दच थोडा लहान करायचा, रफार चेपायचा नाही.

खाजन
काका, "आधी पांढरं राख" हे मी आमच्या वर्कशॉपमध्ये लिहून लावणार आहे. माझं म्हापशाला साइनबोर्डचं काम आहे, एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेली शीट, ॲक्रिलिक लेटर, आत एलईडी. माझ्या बाजूच्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

इंग्रजी नाव असलं की एकेक लेटर सुटं कापतो आणि सुटं बसवतो. मराठीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एक तुकडा होतो, शीटमध्ये मावत नसला तर कुठे तोडायचा ते ठरवावं लागतं, आम्ही कान्याच्या उजव्या कडेला तोडतो म्हणजे सांधा दिसत नाही. अनुस्वार मात्र सुटा राहतो, त्याला वेगळा स्क्रू आणि वेगळी वायर. वर्षभरात पहिला पडतो तो अनुस्वार, आणि "फोंडा" चा "फोडा" होतो! ठळक फॉन्टचा अनुस्वार मोठा असतो त्यामुळे आत एलईडीचं मॉड्यूल बसतं, पकड मिळते, हा जाड फॉन्टचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. उलट बारीक फॉन्टच्या रेघेत एलईडी मावतच नाही, गिऱ्हाईक मोबाइलवर नाजूक डिझाइन दाखवतात आणि मला नाही म्हणावं लागतं.

पण उजेडाचं अक्षर असलं तर फार जाड नको. रात्री पांढरा उजेड बाजूच्या काळोखात पसरतो, अक्षर आहे त्यापेक्षा जाड दिसतं आणि पोकळ्या उजेडाने भरतात. दिवसा एक्स्ट्राबोल्ड चांगला दिसणारा शब्द रात्रीसाठी एक वजन खाली आणून बोल्ड किंवा सेमीबोल्ड करतो.

उंचीचा आमचा धंद्यातला हिशोब म्हणजे दहा फुटांना एक इंच. दीडशे फुटांवरून वाचायचं तर पंधरा इंच. हे इंच मात्र शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंत मोजा, मात्रा-उकार धरून मोजलं की अक्षर लहान पडतं. बरेच जण इथेच फसतात.

सांजवात
मी मराठीची शिक्षिका. फॉन्टमधलं तांत्रिक फार कळत नाही पण वाचणाऱ्याच्या बाजूने बोलते. ठळक फॉन्टमध्ये माझे डोळे पहिल्यांदा "ऱ्य" शोधतात. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दोन वेगळे शब्द. जाड फॉन्टमध्ये तो अर्धा र एवढासा होतो की दिसेनासा होतो, किंवा फॉन्टमध्ये नसतोच आणि पाय मोडका र उभा राहतो. तसंच "ॲ". ॲडव्होकेट, ॲक्टर हे शब्द आपल्या हँडबिलात येतातच आणि जुन्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन येतो.

आणि मराठीचा ल आणि श! हिंदी वळणाचा ल आमच्या मुलांना चुकीचा वाटतो, वहीत मी तो काढू देत नाही आणि शाळेच्या फाटकावरच्या बॅनरवर तोच असतो. मुलांनी विचारलं की उत्तर देता येत नाही. याला काही उपाय आहे का?

अक्षरवेडी
ताई, आहे. बऱ्याच चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, भाषा मराठी निवडली की मराठी ल आणि श आपोआप येतात. वेबपानावर भाषेचा कोड मराठीचा द्यायचा, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडायची. हे न केल्यामुळे हिंदी वळण येतं. फॉन्टमध्ये ती सोयच नसेल तर मात्र दुसरा फॉन्ट शोधायचा.

जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू करा.

मांडवीकाठ
बापरे, एवढं सगळं माहीतच नव्हतं. काका, तुम्ही सांगितलंत ते वाचून मी फाइल परत उघडली आणि फक्त पोकळ्या बघत बसलो, खरंच आत काही उरलंच नव्हतं.

आता नावं सांगा ना. आणि एक अडचण अजून. आपल्याकडे बोर्ड दोन लिप्यांत लागतो, देवनागरी आणि रोमी (म्हणजे इंग्रजीची अक्षरं). माझा रोमी भाग मी इम्पॅक्टमध्ये केला होता, तो छान उठून दिसत होता आणि त्याच्या शेजारी मराठी गबाळं.

अक्षरवेडी
इम्पॅक्ट उठून दिसणारच, त्याचा जन्मच त्यासाठी आहे. जेफ्री ली यांनी तो १९६५ मध्ये शेफिल्डच्या स्टीफनसन ब्लेक या फाउंड्रीसाठी (छपाईचे खिळे ओतणारा कारखाना) केला, धातूच्या खिळ्यांच्या शेवटच्या काळातला. छोटी लिपी जवळजवळ कॅपिटलएवढी उंच, रुंदी आवळलेली, आतल्या पोकळ्या चिरेसारख्या उभ्या. रोमीत ते चालतं कारण बहुतेक अक्षरं म्हणजे उभ्या काठ्या आणि साधे गोल, डोक्यावर-पायाखाली काही लटकत नाही. देवनागरीत तीच चिरेसारखी पोकळी ठेवली तर ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांतला फरक करणारी छोटी गाठ कुठे मावणार? शिवाय इम्पॅक्टमध्ये देवनागरी नाहीच, तुम्ही मराठी टाइप केलं की कॉम्प्युटर दुसराच फॉन्ट आणून बसवतो.

म्हणून दोन्ही लिप्या एकत्र काढलेलं फॉन्टचं कुटुंब घ्या. माझी पसंती अशी.

बलू २, मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा. गोलसर, लठ्ठ, प्रेमळ, रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं, आणि देवनागरीसारखेच गुजराती, कन्नड, मल्याळम, तमिळ असे त्याचे भाऊही आहेत. मुलांचे कार्यक्रम, खाण्याचे स्टॉल, फेस्त (चर्चचा उत्सव) यांना मस्त. त्यांचाच मुक्ता, सात वजनांचा, साधा आणि भरवशाचा, एक्स्ट्राबोल्डमध्येही पोकळ्या छान राखल्यात. त्यांचाच मोदक, तो म्हणजे लठ्ठपणाची हद्द, पोकळीची नुसती केसासारखी रेघ उरलीय पण ती कुठेही तुटत नाही, आणि देवनागरी इतकी जाड करता येते हे बघायला तो एकदा तरी मोठा करून बघाच. त्यात एक-दोन शब्दच लिहायचे, तेही प्रचंड मोठे.

अरुंद हवा असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचे "खंड" आणि "तेको" हे फॉन्ट. दोन्ही आवळलेले, तेको जास्त चौकोनी, खेळाच्या स्पर्धांच्या बॅनरला शोभतो. आणि मला आज सगळ्यात उपयोगी वाटतो तो "एक टाइप"चाच "अनेक" नावाचा फॉन्ट, २०२२ मध्ये आला, त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही सरकपट्टीने कमीजास्त करता येतात. लांब गावाचं नाव असलं की रुंदी कमी करायची, फॉन्ट दाबायचा नाही.

हे दाबणं फार बघते मी. साठ टक्के रुंदीवर चेपलं की काने बारीक होतात आणि शिरोरेषा तेवढीच जाड राहते, मग अक्षरं छपराखाली चिरडल्यासारखी दिसतात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, इंग्रजीत छान दिसतं, आपली शिरोरेषा तुटते.

मी वर पसंतीचे म्हणून सांगितले ते सगळे गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, ओपन फॉन्ट लायसन्स आहे, धंद्यासाठी वापरले तरी चालतं, नुसता फॉन्ट विकायचा नाही एवढंच.

रंगाचो डबो
बलू मला आवडतो, हाताने काढल्यासारखा वाटतो. पण परवा आमच्याकडे एका वयस्कर माणसाच्या निधनाचा बॅनर त्यात लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, आणि अक्षरं अशी गुबगुबीत, हसरी. घरच्यांना कुणी सांगितलं नाही, दुकानदाराने सगळ्यांना तोच फॉन्ट लावलाय. मला ते बघवलं नाही. तिथे सरळ, शांत, मधल्या जाडीचं अक्षर लागतं. रंगवणारा माणूस काय लिहायचं ते ऐकून हात बदलायचा. कमल शेडगे यांची नाटकांची अक्षरं आठवा, नाव वाचायच्या आधी नाटक कसलं ते कळायचं.

अक्षरवेडी
काका, शंभर टक्के. जाडी म्हणजे आवाज आहे. घरात मयत असताना कुणी ओरडत नाही.

खाजन
या जाड सॅन्स सेरिफची सुरुवात कुठून झाली हे मी मागे वाचलं होतं, इथे शोभेल म्हणून टाकतो. छापलेला पहिला सॅन्स सेरिफ विल्यम कॅस्लन चौथा याच्या १८१६ च्या नमुनापुस्तकात आहे, एकच साइज आणि फक्त कॅपिटल. मग जाहिरातींचं युग आलं, भिंतीवर लावायचे मोठे कागद हवे झाले, आणि एवढ्या मोठ्या अक्षराला धातू जड आणि महाग पडतो. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडाची अक्षरं मशीनने कोरायची युक्ती काढली आणि मग फुटाफुटाची अक्षरं स्वस्त झाली. म्हणजे ठळक अक्षर पुस्तकातून भिंतीवर नाही आलं, भिंतीसाठीच वाढलं. मी रोज ॲक्रिलिक कापतो तेव्हा मला तो लाकूड कापणारा माणूस जवळचा वाटतो.

सांजवात
खाजन, सुंदर. मग आपल्या मातीतलं मी सांगते. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला, जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात, भारतातला पहिला. आणि १६१६ मध्ये राशोलला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. भाषा मराठी, ओव्या मराठी, पण अक्षरं रोमी. आज फोंड्याच्या बाजारात मराठी पाटी वाचताना मला ते आठवतं आणि वाटतं की लिपी आता हाताशी आहे तर ती वाचता येईल अशी तरी छापा. आमच्या गावात तियात्राची, म्हणजे कोंकणी संगीत नाटकांची, पोस्टरं लागतात, रोमी अक्षरं लांबून वाचता येतात, आणि शेजारी मराठी नाटकाचं पोस्टर काळ्या ठिपक्यांचं. हे बघून मन खट्टू होतं.

मांडवीकाठ
ताई, तुमचं वाचून जबाबदारी वाढल्यासारखं वाटलं. फॉन्ट निवडताना तपासायचं कसं? मेनूत तर "कखगघ" दाखवतात, त्यात सगळेच चांगले दिसतात.

अक्षरवेडी
आपल्याच तालुक्यांत जगातले अवघड शब्द पडलेत की. कुठ्ठाळी, कुंकळ्ळी, म्हार्दोळ. हे तीन एकाखाली एक लिहा. कुठ्ठाळीत ठवर ठ चढतो, दोन गोल. कुंकळ्ळीत ळ्ळी, चार पोटं आणि वर वेलांटी, शिवाय कु ला उकार आणि अनुस्वार एकदम. म्हार्दोळचं तर तुम्हीच भोगलंत. त्यात ताईंचं "दऱ्या" आणि "ॲ" घाला. या पाचांत जो फॉन्ट पास तो बॅनरला घ्या.

दोन ओळींमधलं अंतरही त्यातच कळेल, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकतो का बघा. धडकत असेल तर अंतर वाढवण्याआधी शब्द दुसरीकडे तोडून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.

आणि रोमी भाग देवनागरीपेक्षा थोडा लहान ठेवा. कॅपिटलची उंची शिरोरेषेला लावली तर रोमी नेहमी मोठं वाटतं.

मांडवीकाठ
तीन आठवड्यांनी परत येतोय, तिसरा प्रयोगही म्हार्दोळलाच ठरलाय म्हणून.

तुम्ही सांगितलेले शब्द पाच फॉन्टमध्ये ए-थ्री कागदावर काढले, अंगणाच्या कुंपणाला लावले आणि आत्येला चष्म्याशिवाय पन्नास पावलांवर उभं केलं. मोदकमध्ये तिला कुंकळ्ळी वाचता आलं नाही पण म्हणाली हा गणपतीचा आहे. तेकोचा ठ्ठा तिने ओळखला, ळ्ळी अडला. मुक्ता आणि अनेक दोन्हींत सगळे शब्द एका दमात वाचले. अनेक घेतला, रुंदी जराशी कमी केली, आणि सगळ्यात जाड न घेता एक पायरी खाली आलो, कारण एक्स्ट्राबोल्डमध्ये मला स्वतःला र्दो पुन्हा जड वाटत होता. नाटकाचं नाव तेवढं मोठं, बाकी मजकूर मुक्ताच्या मिडियममध्ये. आधीच्या बॅनरवर सगळंच ठळक होतं, मान्यवरांची नावंसुद्धा, त्यामुळे कशावरच नजर ठरत नव्हती.

फ्लेक्स काल बांधला. आज सकाळी दूधवाला थांबून म्हणाला, म्हार्दोळला कधी आहे रे? तारीखही वाचली होती त्याने, फक्त वेळ विचारत होता, ती मी घालायचीच विसरलो. आता चिकटवायची पट्टी छापतोय.

रंगाच्या डब्याचे काका, एक विनंती. स्टेजचा पडदा यंदा फ्लेक्सचा नको, रंगवायचा असं मंडळाने ठरवलंय. हात कापत असला तरी चालेल, तुम्ही फक्त खडूने पोकळ्या आखून द्या, रंग आम्ही भरू.

रंगाचो डबो
येतो. रविवारी सकाळी ये न्यायला. सुतळी माझ्याकडे आहे, खडू आणून ठेव. पडद्याचं कापड आधी एकदा धुऊन वाळवा, नाहीतर खळीवर रंग धरत नाही.